संमतीपत्र, अंगठा आणि आमचं फिरतं प्रदर्शन

फिरतं प्रदर्शन करायचं म्हटलं की लोक कापडछपाई, स्टँड, गाडीभाडं याबद्दल विचारतात. ती कामं होतात. आमचं घोडं अडलं ते संमतीपत्रापाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

विषय होता १९७२चा दुष्काळ. माण, खटाव, आटपाडी या भागात ज्यांनी तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात आठवडी बाजारांत आणि शाळांत न्यायच्या होत्या. मुलाखती फार छान झाल्या. कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची, म्हणजे कोरड्या पौष्टिक खाऊची चव, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची घशाखाली न उतरणारी भाकरी, सगळं काल घडल्यासारखं सांगत होते.

मग निधी देणाऱ्या संस्थेचा संमतीपत्राचा नमुना आला. पानंच्या पानं वकिली मराठी: ‘सदर ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क कायमस्वरूपी व बिनशर्त...’ आणि शेवटी सही किंवा डाव्या हाताचा अंगठा. पहिल्याच घरी आजींनी कागद पालथा करून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, “पोरी, इचारशील तेवढं सांगते, पर अंगठा न्हाई द्यायची. मस्टरवर लई अंगठं दिलं. मुकादम हातावर ठिवंल तेवढंच पैसं.”

मस्टर म्हणजे मजुरांच्या हजेरीची आणि मजुरीची वही. तिच्यावर अंगठा घ्यायचे आणि हातात पैसे कमी द्यायचे. मुलाखतीतही त्यांनी हेच सांगितलं होतं, तेच आम्ही प्रदर्शनात मांडणार होतो. आणि ते मांडण्यासाठी पुन्हा त्यांचाच अंगठा मागायचा! मला ते पटेना. संस्थेला कळवलं, तर उत्तर आलं की कागद पूर्ण नसेल तर पुढचा हप्ता सुटणार नाही. पुन्हा फोन केला, तेव्हा सुचवलं गेलं की साक्षीदार म्हणून सरपंचांची सही घ्या. गावात मुकादमाची घरं अजून आहेत, नातीगोती आहेत. म्हाताऱ्या बाईनं पन्नास वर्षांपूर्वीच्या मजुरीबद्दल जे सांगितलं, त्यावर गावच्या कारभाऱ्यांना साक्षीला बोलवायचं? मी नाही म्हणाले. कापडं छापायची थांबली, गाडीवाल्याला थांबवलं, दर वेळी नवा माणूस फोन उचलायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

शेवटी आम्हीच दुसरी पद्धत लिहून पाठवली. साध्या मराठीत एक पान, मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि होकार-नकार रेकॉर्डरवर घ्यायचा. आवाज वापरू का, नाव लिहू का, फोटो लावू का, हे तीन प्रश्न वेगवेगळे. नंतर मन बदललं तर काढून टाकू, हेही त्यातच. आणि छपाईआधी फलकावरचा मजकूर वाचून दाखवायचा, मुलाखतीतला निवडलेला तुकडा, म्हणजे आवाजाचं कात्रण ऐकवायचं. आजींनी आवाज ठेवा म्हटलं, नाव नको म्हटलं, आणि जावेबद्दलचं एक वाक्य काढायला लावलं. त्यांचा तो रेकॉर्ड केलेला होकार संस्थेतल्या एका बाईंनी स्वतः ऐकला, तेव्हा कुठे गाडं हललं. तुम्ही अनुदान घेणार असाल तर ध्वनिमुद्रित संमती चालेल हे करारातच लिहून घ्या, पहिला हप्ता येण्याआधी.

बाकीचं आता आठवेल तसं.

बाजारात क्यूआर कोड कोणी स्कॅन करत नाही. आम्ही जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये बॅटरीवरचे छोटे प्लेअर बसवले. रिसीव्हर कानाला लावायचा हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि वीज गेली तरी चालतं. कात्रण दीड मिनिटाच्या वर नको, माणसाच्या हातात पिशव्या असतात.

फ्लेक्स उन्हात चकाकतो, वाचता येत नाही. कापडावर छापा, वर-खाली बांबू घाला. घडी करून गाडीच्या डिकीत मावतं.

बोली ‘शुद्ध’ करू देऊ नका. मुद्रितशोधकानं ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं होतं, मी सगळं परत फिरवलं.

सगळ्यात चालली ती खडी. मजुरी ठरायची खडीचा ढीग मोजून, ब्रासवर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. फलकावर ते लिहून पोरांना काय कळणार? म्हणून आम्ही जमिनीवर चुन्यानं १० फूट बाय १० फुटांचा चौकोन आखला आणि कडेनं फूटभर उंचीवर दोरी ताणली. एवढं भरेल इतका दगड हातोडीनं फोडायचा. पोरं आत उभी राहून मोजत होती. रोजगार हमीचा राज्याचा कायदा १९७७ साली झाला, केंद्राचा २००५ साली. ही माहिती त्या चौकोनाशेजारीच लावली, आणि लोक थांबून वाचत होते. मला त्याचा फार आनंद आहे.

आणि हो, मुलाखतीची प्रत घरी द्याच. पेन ड्राइव्ह नको, तो कपाटात पडून राहतो. नातवाच्या मोबाइलवर टाका आणि निघण्याआधी सगळ्यांसमोर एकदा वाजवून बघा.