कशाचे टक्के?

स्मरणिकेसाठी लिही म्हणून मेसेज आला आणि सगळ्यात आधी आठवलं ते गणिताच्या बाईंचं फळ्यावरचं कोष्टक. दोन तुकड्या, एकीत २० मुलं, सरासरी ७० मार्क, दुसरीत ६० मुलं, सरासरी ५०, तर दोन्ही मिळून सरासरी किती? मी बसल्या जागेवरून ओरडलो, ६०! बाई काही बोलल्याच नाहीत, नुसता पटसंख्येचा रकाना खडूने गोल केला. मग ट्यूब पेटली, १४०० आणि ३००० मिळून ४४००, भागिले ८०, म्हणजे ५५. वर म्हणाल्या एवढं गुणत बसायचीही गरज नाही, मुलांचं गुणोत्तर १:३ आहे ना, मग ५० ते ७० मधल्या अंतराचे चार भाग करा आणि मोठ्या तुकडीपासून एकच भाग पुढे सरका. हे मी अजून तोंडी करतो, लोकांना उगाच हुशार वाटतो.

बाईंचा दुसरा छळ म्हणजे "कशाचे टक्के?" निकाल ४० टक्क्यांवरून ५० वर गेला की आम्ही बिनधास्त १० टक्के वाढ म्हणायचो, पण मूळ ४० च्या मानाने ती २५ टक्के होते, आणि परत ५० वरून ४० वर आला तर घट मात्र २० टक्केच, कारण आता भागायचं ५० ने. तेव्हा किरकिर वाटायची. नोकरीतल्या पहिल्याच रिपोर्टमध्ये मी चार विभागांच्या टक्केवारीची सरळ सरासरी मारली, म्हणजे तीच शाळेतली चूक, फक्त आता एक्सेलमध्ये.

मग कधीतरी बर्कली विद्यापीठाचं १९७३ च्या प्रवेशांचं कोष्टक वाचलं. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्के घेतले, बायकांपैकी ३५. सरळसरळ अन्याय वाटतो. पण विभागवार बघितलं तर एका मोठ्या विभागात बायका ८२ टक्के आणि पुरुष ६२! मग एकूणात उलटं कसं? तर पुन्हा तोच रकाना, त्या विभागात पुरुषांचे अर्ज ८२५ आणि बायकांचे फक्त १०८, बायकांनी जास्त अर्ज केले होते ते जिथे कोणालाच सहज घेत नव्हते तिथे, एका ठिकाणी तर पुरुष ६ टक्के, बायका ७. मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

त्याची प्रिंट काढलीय, अर्जांचा रकाना पेनाने गोल करून. बाई कार्यक्रमाला येणारेत असं ग्रुपवर कळलं, त्यांना दाखवणार आहे.