पासोलिनीचा ख्रिस्त

श्रद्धा प्रामाणिक असली की चित्रपटातील कलेच्या उणिवा माफ कराव्यात, असे आम्हा ख्रिस्ती प्रेक्षकांपैकी अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. पिएर पाओलो पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाने १९६४ साली मत्तयाच्या शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रकथेवर, केलेला कृष्णधवल चित्रपट पाहिल्यापासून तर मुळीच नाही. तो स्वतः नास्तिक आणि मार्क्सवादी होता, तरी चित्रपट त्याने पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला.

आरंभी येशूची आई तरुण मरिया आणि तिचा वाग्दत्त वर योसेफ एकमेकांकडे नुसते पाहतात, ती गरोदर असल्याचे आपल्याला दिसते आणि योसेफ एकही शब्द न बोलता निघून जातो. त्या मौनात त्याची सारी व्यथा, आणि तिचीही, मावलेली आहे. संवाद शुभवर्तमानातलेच आहेत, नट व्यावसायिक नाहीत, ख्रिस्ताची भूमिका एका स्पॅनिश विद्यार्थ्याने केली आहे आणि जेरुसलेम म्हणून दिसते ते दक्षिण इटलीतील मातेरा. वधस्तंभाजवळ आक्रोश करणारी वृद्ध मरिया ही दिग्दर्शकाची स्वतःची आई, सुझाना. तिचा तो चेहरा पाहताना माझी प्रार्थना आपोआप सुरू झाली होती.