अर्धा कोयता

एका दिवाळी अंकाची कवितांची पानं गेली आठ वर्षं मी बघते. एरवी कॉलेजात मराठी शिकवते, उरलेल्या वेळात स्वतःचं लिहिते. कविता निवडणं श्रावणातच उरकतं. जीव जातो तो प्रुफांत. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि जागा वाचवायला कुणी दोन ओळींची एक केली असेल, तर ती शोधून पुन्हा तोडायची.

या वर्षी माझ्याच वर्गातल्या, बीडकडच्या एका मुलीचा अभंग घेतला. त्यात होतं:

माय झाली औंदा । अर्धा कोयता ।

मोठा अभंग, म्हणजे पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. बोटांवर मोजलं, 'अर्धा कोयता'ची पाचच भरली. शिवाय कोयता अर्धा कसा असेल? 'मोडका कोयता' केलं, सहा बसली. 'औंदा'ला हात लावला नाही, बोली राखली याचं समाधानच वाटलं. घटस्थापनेच्या आत अंक छापायला जायचा होता. तिला विचारलं नाही.

सुट्टीनंतर ती अंक घेऊन स्टाफरूममध्ये आली. आई ऊसतोडीला कोल्हापूरकडे, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. फोनवरून तिला अभंग वाचून दाखवला होता.

"मॅडम, माय म्हनली, कोयता कुनाचा मोडला?"

मग तिने समजावून सांगितलं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर नेणारा मुकादम आगाऊ पैसे देतो, ती उचल कोयत्यावर ठरते. एकटं माणूस अर्धा कोयता. वडील गेले आणि मुकादमाच्या वहीत आई अर्धी लागली, उचलही निम्मी झाली.

"मोडला असता तर लोहाराकडं नेला असता."

अक्षरं पाच आहेत हे तिला माहीत होतं. तिने ओळ म्हणून दाखवली. 'अर्धा'वर आवाज जरा रेंगाळला आणि चरण भरला. अक्षर कमी पडलं तर गळा भरून काढतो, तुकोबांच्या गाथेतही असे चरण आहेत, हे त्याच वर्गात मीच शिकवलं होतं. बहिणाबाईंचा संग्रह १९५२ साली आला तो त्यांच्या बोलीतच, हेही दर वर्षी सांगते.

अंकाचे दुसरे संपादक म्हणाले, "कवितेत चालतं, वाचक आपापला अर्थ लावतात." या वाक्याची मला चीड येते. इथे अर्थ कुणी लावायचा राहिलाच नव्हता. तो मुकादमाच्या वहीत लिहिलेला होता, आणि त्या आईला तो शब्द रोज ऐकावा लागत होता. छंदाची फूटपट्टी घेऊन मी तो पुसला.

दुरुस्ती छापायची म्हटलं तर पुढच्या दिवाळीला. माझ्याकडच्या प्रतींवर मी हाताने करतेय. तिच्या प्रतीत तिने आधीच 'मोडका' खोडून वर निळ्या पेनाने 'अर्धा' लिहिलं होतं. ती प्रत मी मागितली. तिने दिली नाही. माय चैत्रात परत येईल, तिच्यासाठी ठेवलीय म्हणाली.