तीन प्रती, २०० येन

टोकियोच्या पूर्वेकडच्या ओजिमाला तोएई शिंजुकू लाइनची भुयारी गाडी पकडली की अर्ध्या तासाच्या आत मी शिंजुकूला उतरतो. शुक्रवारी कचेरी सुटल्यावर गळ्यात छोटा कॅमेरा अडकवून तिथे दोन-तीन तास भटकायचे, हा माझा टोकियोतला नेम झाला आहे. सगळ्या रेल्वे कंपन्यांचे मिळून दिवसाला सुमारे ३० लाख प्रवासी या स्थानकातून ये-जा करतात आणि बाहेर पडण्याच्या वाटा २०० हून अधिक आहेत. दादरच्या पुलावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला गर्दीचे अप्रूप वाटू नये. पण दादरच्या गर्दीला आवाज असतो, तिथे फुलबाजारात कॅमेरा वर केला की कोणीतरी हमखास ‘आमचापण एक काढा की’ म्हणतो. शिंजुकूत कोणी काही म्हणत नाही, कोणी वळूनही पाहत नाही, आणि तरीही आपल्याकडे कॅमेरा आहे हे सगळ्यांना कळलेले असते.

हा अबोला समजायला मला बराच काळ लागला. जपानमध्ये रस्त्यावर छायाचित्र काढायला सरसकट बंदी नाही, मात्र ‘शोझोकेन’ म्हणजे स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क ही कल्पना न्यायालयांनी मान्य केलेली आहे. क्योतोतल्या एका मोर्चाचे छायाचित्र पोलिसांनी काढले, त्या प्रकरणात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आपला चेहरा आपल्या संमतीशिवाय विनाकारण टिपला जाऊ नये, हे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. (त्या खटल्यात पोलिसांची कृती मात्र वैध ठरली, ही गोष्ट वेगळी.) इथे विकल्या जाणाऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, हा अनुभव इथे फोन घेतलेल्या प्रत्येक मराठी माणसाला आहे, चोरून काढल्या जाणाऱ्या छायाचित्रांना आळा बसावा म्हणून कंपन्यांनी आपणहून पाळलेली ती पद्धत आहे.

माझा कॅमेरा मात्र जवळजवळ मुका आहे. भिंग रुंद, २८ मिलिमीटरच्या तोडीचे, ॲपर्चर म्हणजे भिंगाचे छिद्र बारीक, एफ ८, फोकस अडीच मीटरवर कायमचा ठरवलेला. त्यामुळे साधारण दीड मीटरपासून पुढचे सगळे बऱ्यापैकी रेखीव येते आणि डोळ्याला न लावता, छातीशी धरूनच बटण दाबता येते. ही युक्ती शिकल्यावर पहिले काही महिने मी अधाशासारखे चेहरे टिपले. घरी येऊन पाहिले तर बहुतेक चेहरे सारखेच होते, दमलेले आणि मिटलेले, आणि ते माझ्यासाठी तसे नव्हते. मी फक्त वाटेत आलो होतो.

काबुकिचो या शिंजुकूतल्या रात्रीच्या करमणुकीच्या वस्तीतल्या निऑन पाट्यांच्या छायाचित्रांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पाऊस पडलेला, रस्ता ओला, पारदर्शक छत्री, तिच्यावर गुलाबी-निळा उजेड: हे चित्र इथे आलेला प्रत्येक जण काढतो, मीही काढले आहे, आणि ते कधीच बिघडत नाही, हीच त्याची अडचण आहे. याच गल्ल्यांमध्ये दाइदो मोरियामा या जपानी छायाचित्रकाराने दशकानुदशके खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने काळीपांढरी, भरड दाण्यांची, हललेली छायाचित्रे काढली. त्यांत शिंजुकू सुंदर दिसत नाही, पण घामट, संशयी आणि जिवंत दिसते. त्यांची नक्कल करणाऱ्यांची संख्याही आता निऑनवाल्यांइतकीच झाली आहे, हे कबूल करायला हवे.

माझी खरी फजिती गोल्डन गाई या शिंजुकूतल्याच बारच्या वस्तीत झाली. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभ्या राहिलेल्या त्या सहा अरुंद गल्ल्यांत २०० हून अधिक बार आहेत, आणि कित्येकांत सात-आठ माणसे बसली की दार लावून घ्यावे लागते. एका अर्धवट उघड्या दारातून आतला पिवळा उजेड दिसला म्हणून मी बटण दाबले. आतल्या बाई बाहेर आल्या, काही न बोलता त्यांनी माझ्या डोक्याच्या वर असलेल्या ‘छायाचित्रे काढू नयेत’ या पाटीकडे बोट दाखवले आणि मी छायाचित्र पुसून टाकेपर्यंत शांतपणे उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्यानंतर मला कात्सुमी वातानाबे या छायाचित्रकाराचे काम नव्याने कळले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते रात्री काबुकिचोत फिरत आणि तिथल्या बारमधल्या मुली, स्त्रीवेशातले पुरुष, याकुझा म्हणजे टोळीवाले गुंड, भटके यांना विचारून त्यांची छायाचित्रे काढत. दर होता तीन प्रतींना २०० येन. आज काढायचे, धुऊन-छापून दुसऱ्या रात्री नेऊन द्यायचे. त्या छायाचित्रांतली माणसे छाती काढून, केस नीट करून, थेट भिंगात पाहत उभी आहेत, कारण ती छायाचित्रे त्यांनी स्वतःसाठी विकत घेतलेली होती. रस्त्यावरचे छायाचित्रण म्हणजे समोरच्याला न कळू देता टिपणे, अशी जी माझी ठाम समजूत होती, ती या २०० येनांनी पार मोडली.

मग मीही विचारायला लागलो. ओमोइदे योकोचो या पश्चिमेकडच्या धुरकट गल्लीत कोळशावर याकितोरी, म्हणजे काडीला टोचलेले कोंबडीचे तुकडे, भाजणाऱ्या एका आजोबांना माझ्या मोडक्या जपानीत परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी चेहऱ्यासमोर दोन्ही हातांची फुली करून नकार दिला आणि लगेच चिमट्याने शेगडीकडे खूण केली. म्हणून मी त्यांचे हात काढले: सॉसच्या भांड्यात बुडणाऱ्या काड्या, मनगटाला गुंडाळलेला टॉवेल, आणि धुरामागे जेमतेम दिसणारी पांढरी टोपी. पुढच्या शुक्रवारी कोन्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातल्या, यंत्रावर प्रत छापून घेऊन गेलो. त्यांनी ती दिव्याखाली धरली, बराच वेळ पाहिली आणि डावीकडची तिसरी काडी करपली आहे, असे सांगून परत माझ्या हातात दिली. दुसरे काढायला त्यांनी मला सात वाजता, शेगडी नीट पेटल्यावर बोलावले आहे.