"मॅडम, पुढचं प्लॅनिंग काय आहे?"

मंगळवार, रात्री उशिरा

घरात सगळे झोपलेत आणि मला काही झोप येत नाहीये, म्हणून लिहून काढते. आज नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत इंटरव्ह्यू होता, सीनियर अकाउंट्सची पोस्ट, पगार आत्तापेक्षा बरा आणि घरापासून जवळ. टेक्निकल एकदम मस्त झालं. टीडीएस, जीएसटीचं रिकन्सिलिएशन, ऑडिटला काय काय तयार ठेवता, टॅलीमधून साहेबांसाठी एमआयएस रिपोर्ट कसा काढता, सगळं विचारलं आणि सगळं आलं, कारण मी रोज तेच करते. मग मोठ्या साहेबांनी फॉर्म उलटला. मागच्या पानावर लग्नाची तारीख, मुलं किती, नवऱ्याची नोकरी असे रकाने होते. त्यांनी माझ्या लग्नाच्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला, माझ्यासमोर. मुलांच्या रकान्यात मी रेघ मारली होती, तिच्या बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. आणि मग विचारलं, "मॅडम, पुढचं प्लॅनिंग काय आहे?"

मी म्हटलं कशाचं सर? तर म्हणाले, "नाही म्हणजे, लग्नाला तीन वर्षं झाली ना. आमचं मार्च एंडिंग असतं, मग लगेच ऑडिट, मधेच कोणी सहा महिने गेलं की आमची पंचाईत होते. सासूबाई असतात का तुमच्याकडे?" बाजूला एचआरच्या मॅडम होत्या, साधारण माझ्याच वयाच्या, त्या म्हणाल्या पर्सनली घेऊ नका हां, सगळ्यांनाच विचारतो आम्ही.

सगळ्यांना नाही विचारत. माझ्या आधी आत गेलेला मुलगा मला गेटवर भेटला, रिक्षाची वाट बघत होता, म्हणून बोललो आम्ही. त्याला दोन महिन्यांची मुलगी आहे. त्याला मुलं किती हे विचारलं होतं, पण मुलगी झालीये म्हटल्यावर साहेबांनी अभिनंदन केलं आणि म्हणाले चला, आता जबाबदारी आली, म्हणजे टिकून काम कराल. रात्री बाळ रडलं तर कोण उठतं, लसीला कोण नेतं, घरी सांभाळायला कोण आहे, यातलं काही नाही. त्याच्या फॉर्मवर घरातलं बाळ प्लसमध्ये गेलं आणि माझ्या फॉर्मवर जे बाळ अजून कुठेच नाही ते मायनसमध्ये.

मी एवढंच म्हटलं की सर, हे माझं आणि नवऱ्याचं घरातलं आहे, कामाबद्दल अजून काही विचारायचं असेल तर विचारा. "बरं, कळवतो" म्हणाले. कळवणार नाहीत.

आईला फोन केला तर ती म्हणाली अगं सांगून टाकायचं ना, आत्ता काही विचार नाही म्हणून, कोण येतंय बघायला. नवरा पण तेच म्हणाला, ऑफिसातली मैत्रीण पण तेच. म्हणजे खोटं सांग आणि नोकरी घे. असं सांगणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, मी स्वतः किती जणींना असं सांगताना ऐकलंय. आधीच्या ऑफिसात माझ्यासोबत एक ताई होती, तिची मूल होण्यासाठी ट्रीटमेंट चालू होती, इंजेक्शनं थंड ठेवावी लागायची म्हणून ती डब्याच्या पिशवीत आइस पॅक घालून आणायची. ती दुसरीकडे इंटरव्ह्यूला गेली आणि तिला हाच प्रश्न विचारला, तर तिने हसून सांगितलं नाही हो, आम्हाला इतक्यात नकोच आहे. आणि ती पिशवी तेव्हा तिच्या पायाशी होती. मला तिचं ते हसणं आठवलं की आजही कसंतरी होतं. विचारणाऱ्याला काय माहीत समोरचीचं काय चाललंय, कुणाचा गर्भ पडलाय, कुणाला नकोच आहे, कुणाला डॉक्टरने नाही सांगितलंय. आणि माहीत नाही तर विचारायचं कशाला?

या खोटं सांगण्यावरूनच एक जुनी केस आहे, नीरा माथूर विरुद्ध एलआयसी. बाई १९८९ मध्ये एलआयसीत लागल्या, तेव्हा महिला उमेदवारांकडून एक डिक्लरेशन भरून घ्यायचे. त्यात काय विचारलं होतं ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले. पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किती वेळा दिवस गेले, त्यातली किती पूर्ण दिवसांची झाली, गर्भपात झालाय का. सरकारी विमा कंपनी, आणि टायपिस्ट, असिस्टंट असल्या जागांवर लागणाऱ्या बायकांनी हे भरायचं. पुढे त्यांना मूल झालं, प्रोबेशनवर असतानाच काढून टाकलं, आणि कंपनीने कोर्टात सांगितलं की बाईंनी डिक्लरेशनमध्ये खोटं लिहिलं होतं. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खरा दोष त्या डिक्लरेशनमध्येच आहे, असले प्रश्न बाईला लाजिरवाणे, अपमानास्पदच वाटणार. त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. म्हणजे खोटं बोलायची वेळ कोणी आणली ते कोर्टाला दिसलं. आपल्याकडे अजून सगळा दोष उत्तर देणारीच्या खात्यावर.

आता पैशाचं. साहेब लोक शेवटी तिथेच येतात, की मॅडम, बाळंतपणाच्या रजेचा २६ आठवड्यांचा पगार आम्ही भरायचा. मी पगारपत्रक करते, मला हा हिशोब त्यांच्यापेक्षा बरा कळतो, म्हणून यावर मी गप्प बसणार नाही. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे त्या ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत येतात. दर महिन्याला १५ तारखेच्या आत मी चलन भरते, कंपनीचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के, मुलगा असो की मुलगी, तेवढेच. त्यातली मुलगी बाळंतपणाला गेली की तिच्या २६ आठवड्यांचे पैसे ही योजना चालवणारी ईएसआयसी देते, कंपनीच्या खिशातून तो पगार जात नाही. मग पॅकिंगला १४-१५ हजारांवर लागायला आलेल्या मुलीला का विचारतात? तिलाही विचारतात, मी स्वतः ऐकलंय, आणि तिला तर इतक्या हळू आवाजात पण विचारत नाहीत, सुपरवायझर शॉपफ्लोअरवर उभ्याउभ्या विचारतो, लग्न कधी करणार, केलं की सोडणार का. तिथे तर पैशाचं कारणच नाही.

माझ्यासारखीचा पगार त्या मर्यादेच्या वर, तिथे मात्र कंपनीलाच भरावा लागतो, हे खरं आहे आणि लहान धंदेवाल्याला ते जड जातं हेही मी मान्य करते. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांचे २६ केले, ५० किंवा जास्त माणसं असली तर पाळणाघर सांगितलं, चांगलंच केलं, पण बिल मात्र कंपनीच्या नावे तसंच ठेवलं. हे भांडण सरकारकडे न्या ना, ईएसआयसारखा सगळ्यांचा मिळून फंड करा म्हणा, मी पहिली सही करते. पण तो प्रश्न २६ आठवडे झाल्यामुळे आलाय असं कोणी सांगू नये, एलआयसीचा तो फॉर्म १२ आठवडे होते तेव्हाचा आहे.

आणि कोणी पैसे द्यायचे हा वाद तर त्याहून जुना. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाच्या बिलावर डॉ. आंबेडकर बोलले होते. त्यांचं म्हणणं मला आज रात्री फार जवळचं वाटतंय. बाळंतपणाच्या आधी-नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मान्य केलं, पण मालक पुरुषांऐवजी बायकांना लावतो ते त्याच्या फायद्यासाठीच ना, मग थोडा भार त्यालाही घेऊ दे. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. शंभर वर्षं होत आली आणि आपण अजून मुलगी समोर बसली की तिच्याच शरीरातून उत्तर काढायला बघतोय.

खाड्यांचं कारण पण असंच. लग्न झालेल्या बायका खाडे जास्त करतात हे माझ्या आत्ताच्या ऑफिसातही सहज बोललं जातं. मुंबईतल्याच एका औषध कंपनीत नियम होता की पॅकिंगच्या विभागातल्या मुलींनी लग्न केलं की नोकरी सोडायची, कारण काम टीमने चालतं, खाडे परवडत नाहीत. बॉम्बे लेबर युनियन कोर्टात गेली, १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम मोडीत काढला. मला त्यातला एक मुद्दा फार आवडतो. कोर्टाने म्हटलं की लग्न झालेली बाई बिनलग्नाच्या किंवा विधवेपेक्षा जास्त खाडे करते याला पुरावा काय, आणि मुलांमुळे खाडे होतात म्हणाल तर मुलं असलेल्या विधवेलाही ते होणारच की, मग तिला कशी चालवून घेता? इतका साधा प्रश्न, आणि कंपनीकडे पटेल असं उत्तर नव्हतं. मी त्यात माझा एक घालते, बापाने खाडा केला तर काय बिघडतं? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची रजा आहे, खासगी कंपनीला बापासाठी रजा द्यायची सक्तीच नाही. बापाला पण दोन-तीन महिने घरी राहावं लागलं असतं तर साहेबांना पेन्सिल दोन्ही फॉर्मवर फिरवावी लागली असती आणि मग ती फिरवून काही उपयोग नाही हे आपोआप कळलं असतं.

खाड्याची ही भीती कुठपर्यंत जाते ते बीडमध्ये दिसलं ना आपल्याला. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं बाहेर आलं, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो म्हणून पाळीच नको, पिशवीच नको. माझा एसीतला इंटरव्ह्यू आणि फडावरची ती बाई, तिच्या दुःखाशी माझी बरोबरी करायची माझी लायकी नाही. पण दोन्हीकडे विचार तोच आहे, की काम करणारीला शरीर नसावं.

कायद्याने काय करता येईल हेही बघत बसले. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतंच. पण घेतलं नाही याचं कारण कोणी कागदावर देत नाही, "दुसरा कँडिडेट जास्त सूटेबल होता" एवढ्यावर संपतं, आणि माझ्याकडे पुरावा म्हणाल तर पेन्सिलीचा एक गोल, तोही त्यांच्या फाइलमध्ये.

शुक्रवारी आमच्याकडेच अकाउंट्सला दोन ट्रेनी घ्यायचेत, पॅनेलवर सरांसोबत मी आहे. आमचा फॉर्म आत्ता मेलमधून उघडून बघितला, त्यातही लग्न आणि मुलांचे रकाने आहेत. नॉमिनेशन, इन्शुरन्सला लागतात ते, पण ते जॉइन झाल्यावर भरून घेता येतात. सरांना मेल टाकला की हे रकाने जॉइनिंग फॉर्ममध्ये हलवूया, आणि सोबत प्रश्नांचा एक कागद जोडला, एक छोटी जीएसटीची एंट्री, एक बँक रिकन्सिलिएशन, एक्सेलमध्ये एक पिव्होट, आणि मार्चमध्ये उशिरापर्यंत थांबावं लागतं ते जमेल का, हा प्रश्न मुलांना पण आणि मुलींना पण, याच शब्दांत. नाही घेतलं तर कारण एका ओळीत लिहून दोघांनी सही करायची. सरांचा लगेच रिप्लाय आलाय, जागेच होते बहुतेक. "कागद ठीक आहे, रकान्यांचं उद्या एचआरशी बोलू." उद्या दहाला मी एचआरकडे जाऊन बसणारे.