हरेगावच्या वाटेवर, दोघे

मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मारियेच्या यात्रेला नगरहून पायी हरेगावला जायचे, हे आम्हा दोघांनी ठरवलेले नव्हते. ते सासूबाईंनी ठरवले. जानेवारीत त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि वॉकर धरून घरातल्या घरात चार पावले टाकता येऊ लागली तेव्हा त्यांनी सांगितले, की दवाखान्याच्या खाटेवर पडल्या-पडल्या त्यांनी हरेगावला चालत येण्याचा नवस बोलला आहे. तरुणपणी त्या दर वर्षी चालत जात असत. आता नवस होता, पण तो फेडायला पाय नव्हते. "एक पाय तुझा आणि एक त्याचा," त्या मला म्हणाल्या, "एकटं कुणी जायचं नाही. एका पायानं नवस फिटत नसतो."

हे त्यांनी मुद्दाम म्हटले होते, कारण घरातले काहीच त्यांच्यापासून लपलेले नव्हते. नाताळच्या दिवशी जेवताना आमच्या मुलाने पुण्यातली नोकरी दोन महिन्यांपूर्वीच सोडल्याचे सांगितले, आणि यांच्या तोंडून असे काही शब्द निघाले की मी ते इथे लिहिणार नाही. २६ डिसेंबरच्या पहाटे मुलगा बॅग घेऊन निघून गेला. तेव्हापासून तो फोन करायचा तो मला, आणि मी स्वयंपाकघराचे दार लोटून त्याच्याशी बोलायचे. यांना मी दोष दिला, तोंडाने कमी आणि वागण्याने जास्त. त्यानंतरचे आठ महिने आम्ही एका घरात राहिलो, सासूबाईंना आळीपाळीने उचलून बसवले, तपासणीसाठी त्यांना गाडीने पुण्याला नेले-आणले, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढण्याच्या अर्जावर शेजारी शेजारी बसून सह्या केल्या; पण बोलणे उरले ते गॅस संपला, लाईटचे बिल आले, आईच्या गोळ्या आणायच्या आहेत, एवढेच. चर्चमध्ये हे वर्षानुवर्षे गायनमंडळात ढोलकी वाजवत. मुलगा पेटीवर असे. नाताळनंतर यांनी ढोलकीला हात लावला नाही आणि मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, ते शेवटच्या बाकावर बसू लागले. मी पुढे बसायचे. चालीसाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या चौदा ठिकाणांवर गुडघे टेकतानाही आम्ही एका ओळीत नसायचो. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण तसे होते.

हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात आहे. मारियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला येतो आणि त्याच सुमारास तेथील संत तेरेजा चर्चच्या आवारात मतमाउलीची यात्रा भरते. वांद्र्याच्या टेकडीवरच्या मारियेला मुंबईकडचे लोक मोतमाउली म्हणतात. आमच्याकडे ती मतमाउली. नगर जिल्ह्यात माउली हा शब्द कोणालाच समजावून सांगावा लागत नाही. आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे आमच्या चर्चच्या कुटुंबांतून, चाळीस-एक माणसे बुधवारी पहाटे निघाली, शनिवारी पोचायचे होते, आणि अंतर साधारण पंचाहत्तर किलोमीटरचे होते. पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फुलांनी सजवलेली मूर्ती, तिच्यावर निळे-पांढरे कापड, एक लाऊडस्पीकर, आणि मागे आम्ही, दोघादोघांच्या ओळीत, कारण तो रस्ता शिर्डीला जाणाऱ्या गाड्यांचा आणि उसाच्या व मालाच्या ट्रकांचा आहे. दोघादोघांच्या ओळीत म्हटल्यावर माझ्या शेजारी हे होते.

निघताना सासूबाईंनी त्यांची जपमाळ माझ्या हातात दिली. लाकडी मण्यांची, बोटांच्या तेलाने काळी पडलेली. तिच्या चौथ्या दशकातला, म्हणजे दहा मण्यांच्या चौथ्या गटातला, एक मणी कधीतरी हरवला होता आणि त्या जागी त्यांनी दोऱ्याला जाड गाठ मारली होती, त्यामुळे डोळे मिटून जप करतानाही बोटाला कळते की आपण कुठे आहोत. मी ती माळ मनगटाला गुंडाळली.

विळदच्या घाटापर्यंत लाऊडस्पीकरवरचा जप सगळ्यांना ऐकू येत होता. घाट उतरल्यावर माझी डावी टाच सोलवटली. नवीन बूट घालून लांब चालू नये, हे चालण्याच्या आधी महिनाभर सगळेच सांगत असतात, तरी मी ऐकले नव्हते. मी मागे पडू लागले आणि हे माझ्याबरोबर मागे पडले. पुढे जा, असे मी खुणेने सांगितले तरी गेले नाहीत. ट्रॉली दूर गेली, स्पीकरचा आवाज ट्रकांच्या आवाजात बुडाला. ज्याने कधी जपमाळ म्हटलेली नाही त्याच्यासाठी सांगते, की 'नमो मारिया' ही प्रार्थना दोन अर्ध्यांत म्हणतात. एकाने पहिला अर्धा भाग म्हणायचा, ज्यात तिला नमस्कार आहे. दुसऱ्याने उरलेला अर्धा भाग म्हणायचा, ज्यात आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी विनवणी कर, असे मागणे आहे. पहिला अर्धा म्हणून थांबले आणि समोरून उत्तर आले नाही, तर प्रार्थना तशीच लोंबकळत राहते. मी सवयीने पहिला अर्धा पुटपुटले आणि थांबले. काही क्षण फक्त रस्त्याचा आवाज होता. मग शेजारून यांनी, घसा साफ करून, उरलेला अर्धा म्हटला.

असे एका जपमाळेत त्रेपन्न वेळा होते. आठ महिन्यांत आम्ही एकमेकांना इतकी उत्तरे दिली नव्हती.

देहऱ्याला मुक्काम होता. रात्री शाळेच्या ओट्यावर यांनी माझी टाच मांडीवर घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, सुई मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली, तिच्यात पांढरा सुती दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढला. सुई काढून घेतली, दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी हळूहळू त्याच्या वाटेने झिरपून जाते आणि कातडी निघत नाही. हे त्यांना त्यांच्या आईने शिकवले होते. दोऱ्याची दोन टोके त्यांनी कात्रीने सारखी कापली. "दुखतंय का?" त्यांनी विचारले. दुखत नव्हते, पण मला लगेच बोलता आले नाही.

जपमाळेच्या दर दशकाला येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा असतो, त्याला रहस्य म्हणतात; या रहस्यांना वार नेमून दिलेले आहेत. बुधवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची, शुक्रवारी दुःखाची आणि शनिवारी आनंदाची. बुधवारी निघून शनिवारी पोचणाऱ्या माणसाला त्यामुळे येशूच्या पुनरुत्थानापासून निघून शेवटी त्याच्या जन्मापाशी पोचावे लागते. हे मला आधी कधी सुचले नव्हते. गुरुवारी कृषी विद्यापीठाच्या शेतांमधून जाताना सुचले आणि मी ते यांना सांगितले. घरखर्चाशी संबंध नसलेले ते माझे पहिले वाक्य होते. ते थोडा वेळ चालत राहिले आणि म्हणाले, "आईला हे पटणार नाही. तिचा गुरुवार अजून आनंदाचाच आहे." ते खरे आहे. प्रकाशाची रहस्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये घातली. त्याआधी गुरुवारी आनंदाची रहस्ये म्हणत, आणि सासूबाईंनी जुना पाठ सोडलेला नाही. प्रकाशाच्या रहस्यांत दुसरे आहे काना गावच्या लग्नाचे. लग्नघरात द्राक्षरस संपला आहे हे यजमानाच्याही आधी मारियेच्या लक्षात येते, आणि ती फक्त एवढेच सांगते की यांच्याजवळ द्राक्षरस उरला नाही. कुणामुळे संपला, हे ती विचारत नाही. या रहस्यावर मी आजवर शेकडो वेळा जप केला असेन. त्या दिवशी राहुरीपर्यंत मी दुसऱ्या कशाचाच विचार करू शकले नाही.

शुक्रवार सर्वांत कठीण गेला. राहुरीजवळ मुळा नदी ओलांडली, साखर कारखान्यापासून देवळाली प्रवरेकडे वळलो आणि दुपारी पाऊस आला. खड्ड्यांत पाणी साचून खोली कळेना, ट्रक गेला की चिखलाचे पाणी कमरेपर्यंत उडे. त्या भागात दोन्ही बाजूंना ऊस. हा ऊस प्रवरेच्या कालव्यांचा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि ही जिरायती जमीन बागायती झाली. दुःखाच्या रहस्यांत चौथे रहस्य क्रूस वाहून नेण्याचे आहे, आणि ते म्हणण्याची पाळी यांची होती. माळ त्यांच्या हातात होती. त्यांचा अंगठा त्या गाठीवर आला आणि तिथेच थांबला. मी वाट पाहिली. मग त्यांनी जप बाजूला ठेवून, माझ्याकडे न पाहता, सांगितले की मुलगा गेला त्या पहाटे ते जागे होते. बॅगेची चेन लावल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. कडी काढल्याचाही. उठावे असे वाटले, आणि उठले नाहीत. "मला वाटलं, दारापर्यंत जाऊन परत येईल," ते म्हणाले.

मी आठ महिने समजत होते की हे झोपले होते. एका बापाला त्या पहाटे झोप कशी लागली, हाच माझा सगळा राग होता. मला त्यांना सांगावे लागले, की मीही जागी होते. आम्ही दोघे एकाच खोलीत, एकमेकांना झोपलेले समजून, तो आवाज ऐकत पडलो होतो.

संध्याकाळी बेलापूरला प्रवरेच्या पुलावर सगळे थांबले. पाणी गढूळ आणि भरपूर होते. इथून ते खाली नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केले, आणि आम्ही सकाळी ओलांडलेली मुळाही त्याच तालुक्यात प्रवरेला मिळते. बेलापुरात मुक्काम केला. गावातल्या तरुण मुलांनी कढईभर चहा केला आणि ओल्या माणसांना दोन-दोन पेले दिले.

शनिवारी ऊन पडले. आनंदाच्या रहस्यांत पाचवे रहस्य आहे बाळ येशू मंदिरात सापडल्याचे. योसेफ आणि मारिया यरुशलेमच्या यात्रेहून परत निघतात, मुलगा बरोबरच्या माणसांत असेल असे समजून एक दिवसाची वाट चालून जातात, मग त्याला शोधत मागे येतात आणि तिसऱ्या दिवशी तो सापडतो. योसेफाला वाटले असेल तो आईजवळ आहे, मारियेला वाटले असेल तो बापाजवळ आहे. शास्त्रात असे लिहिलेले नाही, हे माझे म्हणणे आहे. श्रीरामपूर मागे पडल्यावर हे रहस्य आले. ते आम्ही दोघांनी पुरे केले, एकही मणी न चुकवता. मग रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली यांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाले, "त्याचा नंबर लावून दे." त्यांच्या फोनमध्ये तो नंबर होता. तरी मी माझ्या फोनवरून लावून दिला. घंटा पूर्ण वाजली. कुणी उचलला नाही. यांनी फोन परत दिला आणि आम्ही चालू लागलो.

हरेगावात शिरताना जुन्या साखर कारखान्याचे आवार लागते. तिथून पुढे माणसांचा इतका दाट लोंढा होता की पाय उचलण्याऐवजी सरकवावे लागत होते. मूर्तीपर्यंत पोचायला बराच वेळ लागला. सासूबाईंच्या नावाची मेणबत्ती आम्ही दोघांनी मिळून धरली आणि लावली. मुलाच्या नावाची यांनी लावली. रात्री मिस्सेनंतर मैदानात बसलो असताना माझ्या फोनवर त्याचा निरोप आला. बाबांचा फोन होता का, एवढेच विचारले होते. मी तो यांना वाचायला दिला. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले, आणि मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःच उत्तर लिहू लागले. काय लिहिले ते मी पाहिले नाही.

रविवारी एसटीने घरी आलो. सासूबाई जाग्या होत्या. मी माळ त्यांच्या हातात देऊ लागले, तर त्यांनी ती घेतली नाही. "आधी पाय दाखवा," त्या म्हणाल्या. आम्ही दोघे पलंगाच्या कडेला बसलो. त्यांनी आधी माझी टाच हातात घेतली, फोडातला दोरा चाचपून पाहिला, मग यांचे पाऊल ओढून घेतले आणि दिव्याकडे वळवले.