तुम्ही विचारलंत म्हणून: प्रत्येक आग शॉर्ट सर्किटनेच लागते का?

पेपरात आगीची बातमी आली की आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी मला जिन्यात थांबवतंच. "काय हो, दर वेळी शॉर्ट सर्किटच कसं?" आग विझल्यावर जळालेली जागा तपासणं हे माझं काम, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो.

शॉर्ट सर्किट झालेलं असतं, हे खरं. पण पुष्कळदा ते आगीमुळे झालेलं असतं. आगीत वायरीवरचं प्लास्टिक वितळतं, उघड्या तारा एकमेकींना टेकतात, ठिणगी उडते आणि तांब्याच्या टोकाला मोहरीएवढा चकचकीत मणी तयार होतो. त्या क्षणी वायरीत वीज होती, एवढंच तो मणी सांगतो. आग तिथेच सुरू झाली, हे तो सांगत नाही. पण तो सापडला की कारणाच्या रकान्यात 'शॉर्ट सर्किट' लिहून फाइल मिटते. याचा मला फार त्रास होतो, कारण खरं कारण तसंच राहून जातं.

असं एक कारण म्हणजे वायरीचा ढिला जोड. तो कसा दिसतो? मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी गीझरचा प्लग काढून माझ्या हातात दिला. एक पिन काळपट निळी, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं, सॉकेटच्या भोकाचा काठ ओघळलेला. मेन बंद करून सॉकेट उघडला तर वायर धरणारा स्क्रू नुसत्या बोटाने फिरत होता.

"पण एमसीबी एकदाही पडला नाही गं," काकू म्हणाल्या.

पडणारच नव्हता. एमसीबी म्हणजे वीज आपोआप तोडणारा स्विच; करंट जास्त वाहिला तर तो पडतो. ढिल्या जोडातून करंट नेहमीएवढाच जातो, फक्त त्या एका जागी अडतो आणि तिथेच उष्णता साठते. स्क्रू तापतो, निवतो, आणखी सैल होतो. तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, अडथळा वाढतो. हे महिनोन् महिने चालतं.

मग जवळचा पडदा पेटतो, त्यानंतर सोफा. अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी दोन प्रकारच्या खोल्या पेटवून पाहिल्या. कापूस-लाकडाच्या जुन्या सामानाची खोली सगळी एकदम पेट घ्यायला जवळजवळ अर्धा तास लागला. फोम आणि कृत्रिम कापडाची आजची खोली पाच मिनिटांच्या आत गेली. सोफ्यातल्या पॉलियुरेथेन फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइडही असतो; दोन्ही विषारी वायू.

बंब पोचतो तेव्हा जवानाला याच धुरात शिरायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगाला कारणीभूत म्हणून पहिल्या गटात नोंदवलं. नाकातोंडाला मास्क असतो. काजळी मात्र मानेवर, मनगटांवर बसते आणि त्वचेतूनही आत जाते. ड्रेसला येणारा धुराचा वास म्हणजे शौर्याची खूण, असं आपण मानत आलो. तो वास विषाचा आहे. तो ड्रेस धुतल्याशिवाय पुन्हा अंगावर चढता कामा नये, घरी तर अजिबात जाता कामा नये.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलून घेतले. जुना सॉकेट मी मागून आणलाय. आता जिन्यात कुणी विचारलं की आधी तोच हातात देते.